माळ घातली, पण रेशमी सोवळ्याचं काय?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

यंदा आषाढीला पंढरपुरात माळ घालून घेतली. आमच्या घरात आजोबांनंतर मीच. आजोबा पुरंदर तालुक्यातले शेतकरी, तिशीत माळकरी झाले आणि शेवटपर्यंत माळ गळ्यात होती. घर मात्र माळकरी नव्हतं. आजी, चुलते, आम्ही पोरं, सगळे खाणारे. आजीची मटणाची भांडी वेगळी असायची. एक जर्मनचं पातेलं, एक पळी, चार-पाच थाळ्या, सगळं पोत्यात बांधून गोठ्याच्या वळचणीला टांगलेलं. जत्रा आली की परसात तीन दगडांची चूल मांडायची, तिथंच शिजवायचं, तिथंच वाढायचं, आणि राखेनं घासून भांडी परत वळचणीला. आजोबा त्या दिवशी ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खायचे. कुणाला कधी शब्दानं बोलले नाहीत.

एका जत्रेच्या सकाळी बोकड दाव्यासकट सुटला आणि थेट ओसरीवर आला. आजोबांच्या धोतराला तोंड घासत उभा राहिला. चुलते न्यायला आले. आजोबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दावं उचलून चुलत्यांच्या हातात दिलं आणि दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. संध्याकाळी मी परसात बसून पोटभर जेवले, हेही आठवतं.

लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची सशाची गोष्ट आहे. पारधी मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. स्वामी पारध्यांना तो देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात, त्यांचं मन वळवतात आणि मग सशाला सोडून देतात. ही गोष्ट वाचली की मला ओसरी दिसते. आजोबांना तो बोकड ठेवून घेता आला नाही. घरातल्या घरात, भावकीत, कुलदैवताच्या नवसापुढे त्यांचं चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःपुरतं पाळलं.

आता माझा प्रश्न. माळ घातल्यावर पहिल्याच गौरी-गणपतीला सासूबाईंनी मोठ्या मायेनं कपाटातलं सोवळं काढून दिलं. "आता तू माळकरीण, पूजेचं तूच बघ." सोवळं रेशमाचं. निऱ्या करताना माझा हात थांबला. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून किडा कोषात असतानाच मारतात, हे शाळेपासून माहीत होतं. म्हणजे अंडं हाताला लागलं तर हात धुवायचा, आणि देवापुढे बसायचं ते हजारो जीव मारून काढलेलं वस्त्र नेसून?

घरात विचारलं तर उत्तर आलं, "रेशीम शुद्ध असतं." शुद्ध म्हणजे काय? कापसाचा धागा विटाळतो आणि रेशमाचा विटाळत नाही, ही शुद्धी कुठल्या मापानं मोजायची? तेव्हापासून मला वाटतंय की आपण शाकाहार म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात भरल्यात. एक सोवळं आणि दुसरी दया. सोवळ्याला स्वतःचा काठ जपायचा असतो. दयेला समोरच्या जिवाला काय होतंय ते बघायचं असतं. बहुतेक वेळा दोन्ही एकाच ताटात येतात, म्हणून फरक कळत नाही. रेशमापाशी आल्यावर मात्र दोघी वेगळ्या वाटेनं निघतात.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेच्या मूळ श्लोकात याबद्दल 'अहिंसा' एवढा एकच शब्द आहे, आणि माऊलींनी त्यावर शंभरेक ओव्या खर्च केल्यात. त्यातल्या सुरुवातीच्या ओव्या कीर्तनात फार कमी ऐकू येतात. यज्ञासाठी पशू मारून अहिंसा साधली म्हणणं म्हणजे फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणं, स्वतःचा हात तोडून शिजवून भूक भागवणं, देऊळ मोडून देवाला आवार बांधणं, असं ते स्पष्ट म्हणतात. पुढे आयुर्वेदालाही सोडत नाहीत. एका जिवासाठी दुसऱ्याचा घात. कुणाचं मूळ उपटलं, कुणाची साल सोलली, ज्यांना शत्रूच नाही अशा झाडांच्या अंगावर शिरा पाडल्या. आणि मग खरा अहिंसक माणूस चालतो कसा, ते येतं:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥
तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले ।
कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले ॥

इथं ताटात काय आहे याचा विषयच नाही. पाऊल कसं पडतं, याचा आहे. मला हे वाचून भीती वाटते, कारण इतकं कोण पाळणार? म्हणून धागा काढला. तुम्ही काय पाळता, कुठवर पाळता, आणि ती रेघ तिथंच का ओढली, ते लिहा.

---

खडूफळा

फार दिवसांनी असा धागा आला. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं शास्त्राच्या बाजूनं लिहितो.

पहिली गोष्ट: "आपल्या धर्मात मांसाहार कधी नव्हताच" हे म्हणू नये. शतपथ ब्राह्मणात गाय-बैल खाऊ नये अशी चर्चा येते, आणि लगेच याज्ञवल्क्य म्हणतात की मांस लुसलुशीत असेल तर मी खातो. मनुस्मृतीत श्राद्धाला कुठल्या मांसानं पितर किती महिने तृप्त होतात, त्याची यादीच आहे. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणाऱ्या महामहोपाध्याय काण्यांनी हे सगळं लपवाछपवी न करता मांडून ठेवलंय. पण त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राण्याच्या वधाचे आठ भागीदार मोजलेत: संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आणि त्याच अध्यायात "न मांसभक्षणे दोषः" असंही आहे, त्याचा शेवट "निवृत्तिस्तु महाफला". खाण्यात दोष नाही, सोडण्यात मोठं फळ आहे. एका ग्रंथात तीन आवाज. भांडण घरातलंच आहे आणि ते मिटलेलं नाही.

हे भांडण कुठे पाहायचं असेल तर आपल्या विदर्भातल्या भवभूतीकडे पाहा. उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ येतात, त्यांच्या पाहुणचारासाठी कालवड मारली जाते. लगेच पाठोपाठ जनक येतात, त्यांना दही आणि मधाचाच मधुपर्क (पाहुण्याच्या स्वागताचा मान) देतात आणि कालवड सोडून देतात, कारण जनकांनी मांस सोडलेलं आहे. आश्रमातला एक शिष्य वसिष्ठांना बघून म्हणतो, मला वाटलं हा वाघ आला की लांडगा. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी रंगमंचावर हे बोललं जात होतं.

आता तुमचा "रेघ कुठे" हा प्रश्न. योगसूत्रांत अहिंसा हा पहिला यम. पुढच्याच सूत्रात म्हटलंय की जाती, देश, काळ आणि समय (म्हणजे इथं ठरवून घेतलेला संकेत) यांनी न तुटलेली अहिंसा हे महाव्रत. त्यावरच्या व्यासभाष्यात तुटलेल्या अहिंसेची उदाहरणं दिलीत ती ऐका. कोळी म्हणतो, मासे मारीन, बाकी कुणाला मारणार नाही. ही जातीनं बांधलेली. कुणी म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. ही देशानं बांधलेली. चतुर्दशीला, पुण्यदिवशी मारणार नाही, ही काळानं. देवाब्राह्मणासाठीच मारीन, ही समयानं. आमच्या शेजारच्या घरात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण पाळतात. आळंदीत पाळतात, पुण्यात परत आल्यावर नाही. भाष्यकारानं जणू आपल्याच गल्लीत फिरून नोंद केली आहे.

पण भाष्यकार या माणसांना पापी म्हणत नाही, एवढं लक्षात घ्या. त्यांची अहिंसा अपुरी आहे, पण ती अहिंसाच आहे. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यायचं नसतं.

---

मालवणी_सूर

खडूफळा सर, कोळ्याचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. मी मालवणचा. आमचा धंदा तोच.

सरळ लिहितो. मासे आम्ही सोडणार नाही. किनाऱ्यावर खारवट जमीन, भात होतो तो चार महिन्यांचा, बाकी ताटात काय घालायचं? गोव्यात, कारवारात सारस्वतांच्या घरातसुद्धा मासळीशिवाय जेवण होत नाही, आणि सोमवारी तीच घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात. त्यांना कुणी अधर्मी म्हणून दाखवावं.

पण दयेचं म्हणाल तर आमच्याकडे ती वेगळ्या वाटेनं येते. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय माझा बाप होडी लोटायचा नाही. पावसात मासळी गाबोळीवर असते, पोटात अंडी असतात. ती मारली तर पुढच्या साली जाळ्यात काय येणार? आता १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी आहे, पण आमची बंदी पुनवेपर्यंत होती आणि ती दर्याची आण होती. आज एलईडीचे दिवे लावून रात्रीत समुद्र उपसतात. २०१७ पासून तशा मासेमारीवर बंदी आहे, तरी चालते. त्यात बोटाएवढी पिल्लंसुद्धा येतात, ती खायलाही लागत नाहीत, कुटीला, म्हणजे वाळवून भुकटी करायला, जातात. ती कुटी कोंबडीच्या खाद्यात जाते. मला विचाराल तर हिंसा ती. बांगड्याचं कालवण नाही.

---

उंबरठा

@मालवणी_सूर, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मनात मासळीबद्दल अढी होती ती तुमच्यासमोर सांगते. बांगड्याला दुखत नाही असं मला म्हणवत नाही. पण गाबोळीवरची मासळी न मारणाऱ्या तुमच्या वडिलांच्या मनात जी आण होती, ती माझ्या "अंड्याला हात लावला, हात धू" यापेक्षा दयेच्या कितीतरी जवळची आहे.

@खडूफळा सर, जिन्यावरची पायरी लक्षात ठेवीन.

---

तुतीचं_पान

मी जालना जिल्ह्यात रेशीम शेती करतो. दोन एकर तुती. धागा माझ्यावरच आहे म्हणून लिहितोच.

आधी काम कसं असतं ते सांगतो, कारण लांबून बोलणाऱ्यांना वाटतं आम्ही कसायाचं काम करतो. अळ्या आल्या की शेडमध्ये चप्पल घालून कुणी जात नाही. दारात चुन्याची भुकटी असते, त्यात पाय देऊन आत. तंबाखू खाल्लेल्या हातानं पाला टाकायचा नाही, अळी मरते. पंचवीस-सव्वीस दिवस, चार वेळा कात टाकते, कात टाकताना तिला हलवायचंही नाही. शेवटच्या आठवड्यात तर रात्रंदिवस पाला. माझी बायको रात्री दोनला उठून पाला टाकते, अंगावरच्या पोरासाठी उठावं तशी. मग अळी पिवळसर, पारदर्शक दिसायला लागली की चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडायची, तीन दिवसांत ती स्वतःभोवती कोष विणते.

आणि मग आम्ही ते कोष बाजारात नेतो. पुढे गरम हवेत वाळवतात. पतंग बाहेर आला तर कोषाला भोक पडतं, धागा तुटतो, भाव पडतो. एक किलो कच्च्या रेशमाला सहा-सात किलो कोष लागतात, आणि किलोत साधारण सहाशे कोष बसतात. ताईंच्या सोवळ्यात किती जीव ते यावरून काढा.

मी माळकरी नाही, पण एकादशी करतो. पहिल्या बॅचला कोष विकून आलो तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आता लागते. कापसानं आमच्या घरावर कर्ज केलं होतं. तुतीला पाणी कमी लागतं, रोजगार हमीतून लागवडीला पैसे मिळतात, महिन्या-दीड महिन्यानं हातात रक्कम येते. गावात माझ्याआधी दोघांनी फास घेतलाय. त्यांच्या पोरांसमोर मी कोणत्या तोंडानं किड्याचा जीव मोठा म्हणू? आणि कापूस अहिंसक आहे असं वाटत असेल तर बोंडअळीवर आम्ही किती फवारण्या मारायचो ते येऊन बघा. फवारल्यावर बांधावर मधमाश्या, लेडीबर्ड, कधी कधी साळुंक्या मरून पडलेल्या असायच्या. सुती सोवळं नेसलंत तरी हिशेब संपत नाही.

---

खडूफळा

@तुतीचं_पान, तुमचा प्रतिसाद वाचून महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध आठवल्याशिवाय राहत नाही. मिथिलेत मांस विकणारा व्याध. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्या दुकानात धर्म शिकायला येतो. व्याध म्हणतो, मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, मी स्वतः मांस खात नाही, पण हा बापजाद्यांचा धंदा आहे. मग तो विचारतो: नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात? भाताच्या दाण्यात जीव नाही का? आपण चालतो तेव्हा पायाखाली कोण येतं? आणि पुढे हे वाक्य येतं:

अहिंसायां तु निरता यतयो द्विजसत्तम ।
कुर्वन्त्येव हि हिंसां ते यत्नादल्पतरा भवेत् ॥

अहिंसेत रमलेले यतीसुद्धा हिंसा करतातच. प्रयत्नानं ती कमी होते, एवढंच. 'अल्पतरा' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. हिंसा पूर्ण संपवल्याचा दावा नाही, आणि संपत नाही म्हणून हात झटकणंही नाही. आणि हे सांगणारा कोण, तर खाटकाच्या दुकानात बसलेला माणूस. ऐकणारा ब्राह्मण.

---

चाळ_नंबर_४

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट बाहेर राहते आहे, ती मी आणतो.

मुंबईत भाड्यानं घर शोधत होतो. बँकेत नोकरी, पगाराची स्लिप, सगळी कागदपत्रं हातात. एका सोसायटीत घर बघितलं, आवडलं, मालकही तयार. मग सेक्रेटरींनी आडनाव विचारलं. मग विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" मी म्हटलं, घरात आई माळकरी आहे, वीस वर्षं झाली. त्यांनी आडनावाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि घर गेलं. माझ्या आईच्या गळ्यातली तुळशीची माळ त्यांच्या शाकाहारात बसली नाही.

म्हणून उंबरठाताईंनी सोवळं आणि दया वेगळी केली ते मला पटलं, पण फरक त्यांना वाटतो त्यापेक्षा जास्त खोल आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली मांडलं की बौद्ध धर्माशी चाललेल्या स्पर्धेत ब्राह्मणांनी मांस सोडलं आणि गाय पवित्र केली, आणि मेलेल्या गुराचं मांस खाणाऱ्यांना अस्पृश्य ठरवलं. त्यावर वाद घाला, पण एवढं तर डोळ्यांसमोर आहे की मेलेलं जनावर ओढायचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांनाच ते खाल्लं म्हणून गावाबाहेर ठेवलं. ते जनावर त्यांनी मारलं नव्हतं. हिंसा झालीच नव्हती. मग शिक्षा कशाची होती?

माझी आई तुकोबांचा एक अभंग रोज म्हणते. "विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेद भ्रम अमंगळ ॥" त्याच अभंगात पुढे आहे, "कोणाही जिवाचा न घडो मत्सर ।" माणसातला भेद आणि जिवाचा मत्सर, दोन्ही तुकोबांनी एकाच अभंगात ठेवलेत. अर्धा अभंग पाळणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

---

उंबरठा

@चाळ_नंबर_४, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. घराचं वाचून खूप वाईट वाटलं, आणि माझ्याच आसपास अशा सोसायट्या आहेत हे मला माहीत आहे. आमच्या मीटिंगला असा विषय निघाला होता तेव्हा मी गप्प बसले होते. मनूच्या यादीत पहिला घातक 'संमती देणारा' आहे, हे वर वाचताना मला तीच मीटिंग आठवली.

एक सांगावंसं वाटतं. ही दया वरून खाली उतरली असं नाही. गाडगे महाराज परीट घरात जन्मले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू असायची, ती त्यांनी बंद करून गोड जेवण घातलं, भावकीचा राग ओढवून घेतला. पुढे जत्राजत्रांतून हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारायचं की देवाला बोकड का मागता. त्यांच्या कीर्तनात कर्ज, दारू, शिवाशीव आणि पशुबळी एकाच दमात यायचे. त्यांच्या लेखी ते चार विषय नव्हतेच. वारीत माळ घालणारे शेतकरी, माळी, धनगर, महार, यांनी मांस सोडलं ते सोवळ्यासाठी नव्हतं, विठ्ठलासाठी होतं. ही परंपरा ज्यांची आहे त्यांनाच सेक्रेटरी दाराबाहेर ठेवतो.

---

भंडारा_उधळण

गाडगेबाबांबद्दल आदर आहे, पण कुळाचाराबद्दल लिहिताना जरा जपून. तुळजापूरला नवरात्रात अजाबळी होतो. आमच्या घरात लग्नानंतर देवाला बोकड पडतोच, त्याशिवाय गोंधळ पुरा होत नाही. बकरं वर्षभर घरच्या पोरासारखं वाढवतो, त्याला ओवाळतो, एका घावात पाडतो, आणि सगळ्या भावकीला वाटून खातो. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीतून चिकन आणणाऱ्यानं आम्हाला हिंसा शिकवू नये. देवीला काय चालतं ते देवीच ठरवेल.

---

जेजुरीकर_नव्हे

@भंडारा_उधळण, प्लास्टिकच्या पिशवीबद्दल तुम्ही बरोबर बोललात. पण आपल्या दैवतांनीही यावर वाद घातलेला आहे. जेजुरीत खंडोबाला भरीत-रोडग्याचा, पुरणपोळीचा नैवेद्य. बोकडाचा नैवेद्य खंडोबाला नसतो, तो खंडोबानं मारलेल्या मणी दैत्याला. मरताना मणीनं शरण येऊन तसं मागून घेतलं, अशी कथा. म्हणजे देव शाकाहारी आणि मांस दैत्याच्या वाट्याचं, अशी सोय आपल्याच पूर्वजांनी केली.

आणि कोहळा? कोल्हापुरात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, तिथं कोहळा फोडतात, त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. तो कोहळा म्हणजे बळीच. आमच्या घरात आजही अख्खा कोहळा बाईमाणूस आधी चिरत नाही, पुरुषानं पहिला घाव घालायचा, कारण तो जीव मानलेला आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात पिठाचा पशू चालवला. १९७५ साली केरळात पांजाळला बारा दिवसांचं अग्निचयन (एक वैदिक यज्ञ) झालं, तिथं बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे वापरले. कर्म मोडलं नाही, जीव वाचला. तुमच्या देवीला हे चालणार नाही असं मला वाटत नाही.

---

भंडारा_उधळण

कोहळ्याचं आमच्याकडेही आहे, पण बोकडाबरोबर. बोकडाऐवजी असं कधी ऐकलं नाही. आईला विचारतो.

---

धारोष्ण

सांगली जिल्हा. चार म्हशी, तीन संकरित गाई. कुणी दुधाचं बोललं नाही, म्हणून लिहितोय.

म्हैस व्याली आणि रेडकू झालं तर काय होतं, हे शहरातल्या शाकाहारी माणसाला बहुतेक माहीत नसतं. रेडी झाली तर पाजतात. रेडा झाला तर त्याला दोन थेंब पाजून ओढून बाजूला बांधतात, पान्हा सुटेपर्यंतच त्याचं काम. पंधरा-वीस दिवसांत बरगड्या दिसायला लागतात. मेलं तर कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायची रीत माझ्या आजोबांच्या काळी होती. म्हैस त्याला चाटायची आणि दूध सोडायची. मी लहानपणी ते बघितलंय. चाटून चाटून त्या कातड्यावरचे केस गेले होते.

संकरित गाईचा खोंड तर त्याहून निकामी. खांदा नाही, वशिंड नाही, औताला चालत नाही. १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही, आम्ही बेंदराला बैलाची पूजा करणारी माणसं. पण खायला घालायची ऐपत नाही आणि विकायची सोय नाही, मग खोंड रात्री कुठंतरी लांब सोडून येतात. हायवेवर ट्रकखाली जातो, नाहीतर कुणाच्या उसात घुसून मार खातो. मी स्वतः एकदा सोडून आलोय. नाव-गाव नाही म्हणून इथं लिहू शकतोय.

हल्ली लिंग वर्गीकृत रेतमात्रा मिळतात, त्यानं नव्वद टक्के कालवडी होतात. मी गेली दोन वर्षं त्याच भरून घेतो. डॉक्टरचे पैसे जास्त जातात, पण गोठ्यात खोंड जन्माला येणं कमी झालं. आणि जो झाला त्याला एक सड पूर्ण सोडतो. एवढंच मला जमतं. माझ्याकडून रोज दूध नेणाऱ्या काकू चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. त्यांना मी हे कधी सांगितलेलं नाही.

---

खडूफळा

@धारोष्ण, हे लिहायला धैर्य लागतं. शांतिपर्वातला तुलाधार वाणी जाजली ऋषीला अगदी हेच विचारतो: बैलांचे वृषण कापता, नाक टोचता, ओझ्यानं वाकवता, बांधून ठेवता, आणि धर्माच्या गोष्टी करता? तो जाजली इतका स्थिर तप करणारा होता की त्याच्या जटेत चिमण्यांनी घरटं केलं, पिल्लं उडून जाईपर्यंत तो हलला नाही, आणि त्याचाच त्याला गर्व झाला. त्याला शिकवणारा वाराणसीतला तराजू धरणारा दुकानदार. महाभारतात हे दोनदा घडतं. अहिंसा सांगायला एकदा खाटीक येतो, एकदा वाणी. तापसाला दोन्ही वेळा खाली बसून ऐकावं लागतं.

---

मालवणी_सूर

धारोष्ण भाऊ, कातड्यावरचे केस गेले होते हे वाचल्यावर चहा खाली ठेवला.

---

उंबरठा

चार दिवस प्रतिसाद नुसते वाचत होते. आता माझं काय झालं ते लिहिते.

सासूबाईंना तुतीचं_पान यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. रात्री दोनला पाला टाकायला उठणाऱ्या बाईचं ऐकून त्या म्हणाल्या, "मग तिनं केलेलं नेसायचं नाही तर तिनं खायचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही रेशीम नेसवत नाही, हेही तितकंच खरं. मग त्यांनीच माळ्यावरची ट्रंक उघडली. आजेसासूबाईंची धाबळी निघाली, लोकरीची, तपकिरी. पूर्वी सोवळ्याला हीच नेसायच्या म्हणे. मेंढी कातरली तरी चरत राहते. एका कडेला कसर लागून चार-पाच भोकं पडली आहेत. उन्हात टाकली, झटकली, आणि परवा दुपारी बसून लोकरीनं रफू केलं. दसऱ्याच्या पूजेला तीच नेसणार. जुनं रेशमी सोवळं फेकलेलं नाही, सासूबाई नेसतात. नवीन घेणार नाही, एवढं दोघींचं ठरलं.

@तुतीचं_पान, पतंग उडून गेल्यावर उरलेल्या भोकाच्या कोषांपासून सूत कातणारं तुमच्या भागात कुणी आहे का? भाव कमी येतो हे तुम्ही लिहिलंत, पण घेणारं असेल तर मला कळवा. आमच्या भजनी मंडळात पंचवीस जणी आहेत.

@धारोष्ण, दूध सोडलेलं नाही. गावाकडून ओळखीच्या गोठ्यातलं घ्यायला लागलेय, आणि पहिल्याच दिवशी वासराबद्दल विचारलं. त्यांना माझं विचारणं विचित्र वाटलं असावं, पण दाखवलं त्यांनी. खोंडच होता, बरा होता.

सोसायटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे. भाडेकरूंचा नियम अजेंड्यावर घ्यायचं पत्र मी दिलंय. @चाळ_नंबर_४, काय होतं ते इथंच लिहीन.

आणि एक. माघात पुतण्याचं लग्न आहे, त्यानंतर देवाला बोकड. काल चुलत्यांना फोन केला. तेच चुलते, ओसरीवरून दावं घेऊन गेलेले, आता ऐंशीच्या घरात. कोहळ्याबद्दल विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरी, माझ्या हयातीत नाही जमायचं. पुढं पोरं बघतील. तू त्या दिवशी ओसरीवर बस."

बसणार आहे. पिठलं मी करेन. चुलते म्हणाले, माझीही भाकरी तिकडेच टाक.